जैसे थे संस्थान

२४ सप्टेंबर, बुधवार

दुसरी नाईट संपली. प्लांट शांत. पहाटे आल्विन आला, केस ओले, हातात करक चहाचा कागदी कप. पॅनलचा हँडओव्हर पाच मिनिटांत दिला. एक पंप बाहेर आहे, मेंटेनन्सला कळवलंय, बाकी जैसे थे. उरलेला वेळ संस्थानाचा. कोठार भरलंय म्हटलं, लालदाढ्या ड्यूकचा वकील पुन्हा युद्धाचं बोलायला आला होता, त्याला जेवायला घालून परत पाठवला. आल्विन विचारतो, काय घातलंस जेवायला? गेममध्ये तसलं काही नसतं. तरी मी सांगितलं, कढी-खिचडी. त्याचं समाधान झालं, खुर्चीत बसला.

बसमध्ये मेल्यासारखा झोपलो. घराजवळ, मन्सूराच्या स्टॉपवर ड्रायव्हरने उठवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. मेधा ऑफिसला, इरा शाळेत. संस्थान उघडलं. आल्विनने काल रात्री त्याची पाळी संपवून चिठ्ठी ठेवली होती, शिफ्ट लॉगच्या भाषेतच:

"कोठार बारा आणे. नदी नॉर्मल. दक्षिणेकडची गिरणी आवाज करते, लक्ष ठेवणे. युद्ध नाही. ता.क. पोराचा तीन रविवार फोन नाही. पुण्यात रेंज नसते म्हणे."

मी गिरणी बघितली. मग त्याच्याखाली लिहिलं, पोरं पुण्याला गेली की असंच होतं, मीही गेलो होतो तेव्हा आईला फोन करायला विसरायचो. राजपुत्राला मठातून सुगीपुरता घरी बोलावून घेतलाय.

हे असं कोविडच्या सालापासून चाललंय. तेव्हा इथे कतारमध्ये प्लांटवरच्या कॅम्पात अडकलो होतो, बायका-पोरं भारतात. त्याच्या लॅपटॉपवर गढी होती. गेमचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक आहे, आम्ही गढीच म्हणतो. मध्ययुगातलं एक छोटं राज्य, किल्ला, शेतं, गिरण्या, शेजारी चार वाईट लोक. त्याची शिफ्ट एक, माझी दुसरी. मी उठतो तेव्हा तो बसतो. मग फाईल एक, राजे दोन, असं ठरलं. आता ती फाईल ऑनलाइन असते, ज्याची सुट्टी तो आपल्या घरून उघडतो. नियम एकच, दोघांनी हो म्हटल्याशिवाय युद्ध नाही. दोघेही कंट्रोल रूममधले पॅनल ऑपरेटर, काहीही घडलं नाही तोच आमचा सगळ्यात चांगला दिवस. राज्याचं नाव म्हणूनच 'जैसे थे'. इतक्या वर्षांत एकही लढाई नाही. त्या गेमच्या इतिहासात असलं संस्थान दुसरं नसेल.

आल्विन अल नस्रला राहतो, इथून हाकेच्या अंतरावर. त्याच्या घरी मी एकदाही गेलेलो नाही. पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला माहीत असतं, ता.क.मुळे.

४ ऑक्टोबर, शनिवार

नव्या गढीची तारीख आली. गुरुवारी! जुनीला इतकी वर्षं झालीत की घोड्याला पाय किती ते अंदाजाने समजून घ्यावं लागतं. नवीची जाहिरात बघितली, पहाटेचं धुकं, शेतावरून येणारा घंटानाद, डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. हँडओव्हरला आल्विन आणि मी घरात लग्न असल्यासारखे बोलत होतो. पलीकडच्या पॅनलवरच्या फिलिपिनो मुलाने विचारलं, कुणाचं बाळ झालं का.

९ ऑक्टोबर, गुरुवार

घेतली. डाउनलोड चालू. मेधा म्हणाली, "इरा झाली तेव्हा हॉस्पिटलात एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्यास." खोटं आहे, मारल्या होत्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून बसलो. दिसायला सुंदर आहे, ते मान्य. गव्हाची लोंबी न् लोंबी हलते. पण त्या लोंबीकडे बघू देतील तर शपथ. पडद्याच्या कोपऱ्यात एक प्रधानजी बसवलाय, तो गप्पच बसत नाही. महाराज, शेजारी कुरबुर करतो. महाराज, सरदार नाराज. महाराज, आजचं बक्षीस घेतलं नाहीत. अरे बाबा, मला जरा नदी बघू दे.

ऋतू चहा ओतून होईपर्यंत संपतो. पेरणी बघायला वळलो तोवर कापणी झालेली. घोड्याला मखमली झूल हवी तर कार्डाने पैसे भरायचे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तेही झुलीशिवाय.

असू दे. पहिलाच दिवस आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नाही जमत. आज मुख्य रोग सापडला. सरदारांना कंटाळ्याचा काटा दिलाय. काही वर्षं युद्ध केलं नाही की तो चढत जातो आणि लाल झाला की बंड. म्हणजे शांत राहायची सोयच ठेवलेली नाही. जुन्या गढीत तुम्ही नुसतं राज्य करू शकत होतात. गिरणी चालवा, पूल बांधा, सारा माफ करा, संध्याकाळी घंटा ऐका. ज्याला लढायचं त्याने लढावं. इथे न लढणारा म्हणजे नापास.

आणि अलार्म! कामावर आम्हाला किती वर्षं घोकून शिकवलं की दहा दिवे एकदम लाल झाले तर ऑपरेटर आंधळा होतो, म्हणून प्रत्येक अलार्मची पायरी ठरवा, जो महत्त्वाचा तोच ओरडला पाहिजे. इथे राणी बाळंत झाली तरी लाल, शत्रू दारात आला तरी लाल, कोंबडी मेली तरी लाल. ज्याने हे बनवलं त्याला एक नाईट आमच्या पॅनलवर बसवा.

इराने माझ्या नावाने तासभर खेळून दोन परगणे जिंकले. "बाबा, यू जस्ट हॅव टू फाइट देम." बरं बाई.

फार वाईट वाटतंय, खरंच. एवढ्या वर्षांची वाट. एखाद्या जुन्या शेजाऱ्याला भेटायला जावं आणि त्याने आपल्याला पॉलिसी विकावी, तसं झालंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हँडओव्हरला आल्विनला सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, मग म्हणतो, वेळ दे. नव्याचे नऊ दिवस असतात तसे नव्याला नऊ दिवस द्यावेही लागतात. त्याला आवडलीय. विशेष म्हणजे त्यात दोघं एकाच वेळी एकाच राज्यावर बसू शकतात. "आपण दोघं एकत्र, विचार कर," म्हणाला. मी विचार केला. एका पॅनलवर दोन ऑपरेटर, काय करायचं?

जुनं संस्थान चालू ठेवायचं, एवढं मात्र दोघांचंही ठरलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. नाईट. मेधाने आल्विनसाठी चकल्या दिल्या होत्या, त्याने सकाळच्या चहात बुडवून खाल्ल्या. वसईकरांना कोण सांगणार.

घरी येऊन झोपण्याआधी संस्थान बघितलं. त्याची चिठ्ठी: "कोठार चौदा आणे. पूल पूर्ण. लालदाढ्या आजारी, वैद्य पाठवला. ता.क. वसईला बाबा बाथरूममध्ये पडले. आई सांगत नव्हती, ग्रेटाच्या भावाकडून कळलं. कोणाला बोललो नाही."

ग्रेटा त्याची बायको, इथेच नर्स आहे. मी लिहिलं, पलंग खालच्या खोलीत आण, बाथरूममध्ये धरायला दांडा लाव, आमच्या आबांचं तसंच केलं होतं. आणि तू स्वतः जेवतोयस ना नीट. एवढं लिहून झोपलो. सकाळी समोरासमोर होतो तेव्हा आम्ही चकलीत मोहन किती असावं यावर बोललो होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एक बातमी. आमच्या शिफ्टमधला सुदानी ऑपरेटर कायमचा घरी गेला, त्याच्या जागी आल्विनला आणलंय. आजपासून आम्ही एका शिफ्टला, शेजारशेजारच्या पॅनलवर, एका बसने. सुट्ट्यापण एकच!

किती आनंद झाला म्हणून सांगू. येताना बसमध्ये शेजारी बसलो. आता काय, मजाच, असं तो म्हणाला. मीही म्हणालो. मग तो झोपला, मग मी झोपलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आल्विनच्या घरी पहिल्यांदा. इमारत जुनी, लिफ्टला अगरबत्तीचा वास. ते सकाळी चर्चला जाऊन आले होते, इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून चर्चही शुक्रवारी. ग्रेटाने इंदियाल केलं होतं, चिकनचं, वर पिवळाधमक रस्सा, आणि वसईहून आलेली सुकेळी. मेधा आणि ग्रेटा दहा मिनिटांत जन्माच्या मैत्रिणी. स्वयंपाकघरातून नुसता हसण्याचा आवाज.

आम्ही दोघं सोफ्यावर. मी म्हणालो, फ्लॅट छान आहे. तो म्हणाला, हो, वारा येतो. मग एसीच्या सर्व्हिसिंगवर बोललो. मग टीव्ही लावला. आता आश्चर्य वाटतं, या माणसाला पोराची काळजी कशी पोखरते ते मला माहीत आहे, आणि सोफ्यावर एसीशिवाय विषय नाही. पोराचं विचारावं असं फार वाटलं. पण तो समोर बसलेला असताना ते विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं. नाही विचारलं.

येताना मेधा खूश. आता दर सुट्टीला भेटायचं म्हणे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्याकडे. मिसळ. ग्रेटाने तर्री कमी घेतली, मेधा रुसली, मग दोघी बाल्कनीत.

आम्ही दोन लॅपटॉप लावून नवी गढी एकत्र. आल्विनने तीन आठवडे खपून राज्य उभं केलंय, भर रस्त्यात बाजार, दगडी पूल, दोन घाट. मला अर्ध्या राज्याचा मुखत्यार केलं. मी मनापासून खेळायचं ठरवलं होतं, खरंच. त्याच्यासाठी.

तो चहा ठेवायला उठला. तेवढ्यात पडद्यावर अलार्मचा पूर. सात-आठ लाल चौकटी एकावर एक, प्रधानजीची कोकलाकोकल. आणि माझा हात आपोआप गेला. कामावर काय करतो आपण? अलार्म आला की आधी ॲक्नॉलेज, म्हणजे बघितला असं सांगायचं, आवाज बंद, मग शांतपणे एकेक वाचायचा. दाबला म्हणजे कबूल केलं असं नसतं. जित्याची खोड. टक टक टक टक सगळे दाबले.

इथे दाबणं म्हणजे मान्य करणं. आल्विन कप घेऊन आला तोवर मी तीन शेजाऱ्यांचं युद्धाचं आव्हान स्वीकारलं होतं, राजकन्या एका साठीच्या जहागीरदाराला दिली होती आणि घाट परक्या व्यापाऱ्याला लिहून दिला होता. पाच मिनिटांत बाजार पेटला. लोंबी न् लोंबी जळते त्यात, फार बारकाईने केलंय.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे. मीही पहिल्या दिवशी तेच केलं होतं." मग लॅपटॉप हळूच मिटला. चहा घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. चिठ्ठीत असता तर कळलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मी म्हणालो, बघ, असा कसा गेम, साधं ॲक्नॉलेज आणि ॲक्सेप्ट वेगळं ठेवलेलं नाही. आल्विन म्हणाला, तुला पहिल्या दिवसापासून तो आवडायचाच नव्हता. भांडण नाही, आवाज चढला नाही. पण दोघं आपापल्या पॅनलकडे वळलो आणि सुट्टीपर्यंत कामाचंच बोललो.

मी नव्या गढीबद्दल इंग्रजीत मोठं परीक्षण लिहून ठेवलंय, टाकायला. टाकलं नाही. ते लोक काही माझ्यासाठी गेम बनवत नाहीत. ज्यांना दर मिनिटाला काहीतरी घडायला हवं असतं त्यांच्यासाठी बनवतात, आणि ते जास्त आहेत. माझं म्हणणं एवढंच की मग जाहिरातीत घंटा वाजवू नका.

३० नोव्हेंबर, रविवार

जुनं संस्थान उघडलं. शेवटची चिठ्ठी ७ नोव्हेंबरची, माझीच. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. कोणाची पाळी, तेच कळत नाही. पूर्वी तो कामावर असला की राज्य माझं. आता दोघं एकदम कामावर, दोघं एकदम घरी. खेळायला बसलो, अर्धा ऋतू केला, बंद केलं. हँडओव्हर द्यायचा कोणाला? सकाळी तोच शेजारी बसणार आहे.

गिरणी बंद पडलीय. शेवटी पडलीच.

७ डिसेंबर, रविवार

आज कळलेलं लिहितो.

जेवताना मेधा म्हणाली, "आल्विनचे बाबा कसे आहेत आता?" मी म्हणालो, का, काय झालं. मग तिनेच सांगितलं. पुन्हा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठवडा झाला हॉस्पिटलात आहेत. ग्रेटाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तू रोज त्याच्या मांडीला मांडी लावून बसतोस ना?"

बसतो. बसमध्ये जाता-येता, पॅनलवर बारा तास. हा आठवडाभर मी त्याच्याशी वर्ल्ड कपपासून बसच्या एसीपर्यंत सगळं बोललो. त्याने सांगितलं नाही आणि मला दिसलं नाही. पूर्वी चार दिवसांनी एकदा भेटायचो पण बाप पडलेला त्याच आठवड्यात कळला होता.

जेवण गेलं नाही. मेधा म्हणाली, पुरुष असेच असतात. हे काही पुरुषांचं नाही. माझं आणि त्याचं आहे.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी बसमध्ये विचारलं. सरळच, काल मेधाकडून कळलं, बोलला का नाहीस.

त्याने मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाला, "सांगणार होतो. रोज ठरवून यायचो. पण तू समोर बसलेला असलास की सुचतच नाही. तोंडाने नाही जमत मला, सुधीर. ग्रेटालापण मी लिहूनच सांगतो."

मी म्हणालो, मलाही नाही जमत. त्या सोफ्यावर मला तुझ्या पोराचं विचारायचं होतं. म्हणाला, मला माहीत होतं, म्हणून तर टीव्ही लावला.

दोघांना थोडं हसू आलं.  तुम्हाला वाटेल कोंडी फुटली की पुढे धबधबा. तसं काही झालं नाही. रास लफानला प्लांटच्या गेटपर्यंत दोघांनी मोबाईल बघितले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एक प्रयोग केला. सकाळी जुन्या संस्थानाचं एक वर्ष खेळलो, गिरणी सुरू केली, चिठ्ठी लिहिली, शेवटी विचारलं, बाबा कसे. अर्ध्या तासात उत्तर: "बरे. संध्याकाळी भेटतोयच." झालं. संध्याकाळी भेटलो. बाबा बरे हे आधीच कळलेलं, म्हणून विचारलं नाही.

मधले चार दिवस पाहिजेत. मनात साठायला वेळ लागतो ना माणसाला. कोठारासारखंच आहे, एका दिवसात काय भरणार.

मेधा म्हणते, बायका बोलतात आणि तुम्ही चार दिवसांची वाट बघता, धन्य आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

कतारचा नॅशनल डे. समुद्राकाठच्या कॉर्निशकडे जाणारे सगळे रस्ते गाड्या-झेंड्यांनी तुंबलेले, इराने मैत्रिणींबरोबर जायचा हट्ट केला आणि अर्ध्या वाटेतून परत आली. आल्विन-ग्रेटा आज वसईला गेले, नाताळ आणि बाबा दोन्ही. एअरपोर्टला सोडायला गेलो होतो. आल्विन म्हणाला, लॅपटॉप घेतलाय. मी मान हलवली.

२३ डिसेंबर, मंगळवार

चिठ्ठी आली! वसईहून:

"कोठार दहा आणे, तू सारा माफ केलास काय? लालदाढ्या मेला. त्याच्या मुलाला जेवायला बोलावलंय, खिचडी नको, काहीतरी चांगलं कर. युद्ध नाही. ता.क. बाबांना घरी आणलं. पलंग खाली घेतला, तू म्हणालेलास तेव्हाच घ्यायला हवा होता. ते मला ओळखतात पण दर वेळी विचारतात, कतारहून कधी आलास. मी दर वेळी सांगतो, आत्ताच. पोरगा पुण्याहून आलाय. आजोबांचे पाय चेपतो. मी दारातून बघितलं आणि मागे फिरलो, त्याला कळलं तर थांबेल म्हणून. हे कोणाला सांगणार. तुला."

तीनदा वाचली. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. इरा आली, व्हॉट हॅपन्ड म्हणाली. लालदाढ्या मेला म्हटलं.

दुपारभर खेळलो. लालदाढ्याच्या पोराला पुरणपोळी घातली. शेवटी बरंच लिहिलं. आबा गेले तेव्हा मी इथे नाईटला होतो, ते आजवर मेधालाही नीट सांगितलं नव्हतं, ते लिहिलं.

२९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा चिठ्ठी, पुन्हा उत्तर. संस्थान उत्तम चाललंय. नदीला दुसरा पूल.

४ जानेवारी, रविवार

आल्विन परत. बसमध्ये शेजारी. केस ओले, हातात करक. प्रवास कसा झाला. बरा. थंडी आहे का तिकडे. सकाळी असते.

मी मनात म्हणालो, अरे मी तुला आबांचं सांगितलंय, आणि तू मला थंडीचं सांगतोयस. त्यालाही बहुतेक तसंच वाटत असावं, सारखा कप फिरवत होता. उतरताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायला विसरला, थेट आयडी दाखवायच्या मशीनपर्यंत.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळच्या मीटिंगला आमचा शिफ्ट सुपरवायझर तारिक म्हणाला, दुसऱ्या शिफ्टला पॅनलवर माणूस हवाय, पुढच्या महिन्यापासून, इथून एक जण द्यायचाय. तयारी कोणाची? असल्या वेळी सगळे बुटांकडे बघतात. बदली म्हणजे बस वेगळी, माणसं वेगळी, घरचं सगळं वेळापत्रक उलटं. कोणाला हौस असते.

मी हात वर केला.

खोलीत सगळे हसायला लागले. मला कळेना का. बाजूला बघितलं तर आल्विनचाही हात वर.

तारिकने विचारलं, भांडलात काय? दोघंही नाही म्हणालो, एकदमच. तो म्हणाला मला एकच हवा, आपसात ठरवा, रविवारी नाव द्या, खलास.

परतीच्या बसमध्ये शेजारी बसलो. मग आल्विन म्हणाला, तू राहा, मी जातो, मेधा चिडेल. मी म्हणालो, ग्रेटा काय नाचणार आहे? तो म्हणाला, ते खरं. पुढे थोड्या वेळाने म्हणाला, "कोणीही गेलं तरी चालेल ना पण?" मी म्हणालो, कोणीही.

घरी आलो तर मेधा फोनवर, पलीकडे ग्रेटा. फेब्रुवारीत चौघांनी आणि इराने सलालाला जायचं चाललंय. हॉटेल बघून झालंय, कधी नव्हे ते दोघांच्या सुट्ट्या जुळतात म्हणून दोघी हरखल्यात. मेधाने फोनवर हात ठेवून मला विचारलं, फेब्रुवारीतल्या तुमच्या सुट्ट्यांच्या तारखा सांग पटकन.

मी म्हटलं, रविवारी सांगतो.